अभिरामच्या नावाची बॅट

१२ नोव्हेंबर

निर्मल गहलौत गेले. टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती तरी मला आधी वाटलं, दुसरेच कुणी असतील. मग त्यांचा तो डावखुरा कव्हर ड्राइव्ह दाखवला आणि खात्री पटली. पासष्ट हे काय जाण्याचं वय आहे! माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे.

आमच्या बैठकीत टीव्हीच्या बरोबर वर त्यांची बॅट काचेच्या पेटीत लावलेली आहे, त्यामुळे बातमी आणि बॅट एकदमच दिसत होते. मुलांच्या शिबिरासाठी ते ग्वाल्हेरला आले होते तेव्हा अभिराम तेरा वर्षांचा होता. त्याची फलंदाजी पाहून गहलौत स्वतः खुर्चीवरून उठून आले, माझ्या हातातली कोरी बॅट मागून घेतली आणि सगळ्यांसमोर लिहिलं, ‘अभिराम के लिए. अगली बार इंडिया की टोपी में मिलेंगे.’ खाली सही. बाकीच्या मुलांना कागदावर नुसती सही मिळाली. नाव घालून, वाक्य लिहून, फक्त आमच्या अभिरामला. दर्पण कॉलनीत आमच्याकडे आलेला एकही माणूस ते वाक्य वाचल्याशिवाय परत गेलेला नाही.

अभिराम चहाचा कप घेऊन बाहेर आला. मी म्हटलं, “अरे, तुझे गहलौतसर गेले.”

“हं,” म्हणाला. बराच वेळ बॅटीकडे बघत उभा राहिला. मग विचारलं, “मग आता?”

“आता काय, दिल्लीला अंत्यसंस्कार. सगळे जमतील.”

तो हसल्यासारखं करून आंघोळीला गेला. धक्का बसला असणार.

१३ नोव्हेंबर

इथल्या एका वर्तमानपत्राचा माणूस बॅटीचा फोटो काढायला आला. मीच फोन लावला होता. त्याला बॅटीशेजारी अभिराम उभा हवा होता. अभिराम आतून म्हणाला, “मला टर्फवर जायला उशीर होतोय,” आणि मागच्या दाराने गेला. मग मी उभा राहिलो.

त्याने विचारलं, “बेटा कहाँ तक खेला, अंकल?”

मी म्हटलं, “बहुत अच्छा खेलता था.” त्याने ते लिहून घेतलं नाही.

खरं म्हणजे अभिराम कुठवर खेळला? रणजीच्या संभाव्य खेळाडूंत दोनदा नाव आलं, संघात एकदाही नाही. मग खांदा गेला. आता एकतीस वर्षांचा आहे. सिटी सेंटरजवळ जाळीने बंद केलेलं, प्लास्टिकच्या गवताचं मैदान भाड्याने देतात, त्याला टर्फ म्हणतात, तिथे तो व्यवस्था बघतो. कुणी विचारलं की मी ‘क्रिकेटमध्येच आहे’ एवढंच सांगतो.

१६ नोव्हेंबर

आज जेवताना अभिराम म्हणाला, “बाबा, बॅट विकून टाकू.”

माझा घास हातातच राहिला. अभिरामची आई, सुनंदा, भाकरी उलटायला उठली.

“कशाला?”

“गहलौत गेल्यावर लोक शोधतायत. नेटवर बघितलं मी. लवकर विकली जाईल.”

आता माझ्या लक्षात आलं. गरिमाला रायपूरच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली आहे. लग्न करून दोघं तिकडेच जाणार म्हणतात. नवं घर म्हणजे खर्च आलाच. मी म्हटलं, “तुला किती हवेत ते सांग. माझ्या एफडी कुणासाठी आहेत?”

“पैसे नकोत मला.”

“मग?”

“ती माझी आहे ना, बाबा? नाव माझंच लिहिलंय ना तिच्यावर?”

“नाव आहे म्हणूनच तर विकायची नाही!”

तो ताटाकडे बघून म्हणाला, “मी जाईन तेव्हा ती इथे नसली तर मला बरं वाटेल.”

म्हणजे स्वतः गेल्यावर आम्ही नीट सांभाळणार नाही अशी शंका. वाईट वाटलं. इतकी वर्षं दर रविवारी मी तिची काच पुसतो.

१९ नोव्हेंबर

एक युक्ती सुचली. बॅटीची किंमत करवून घ्यायची. आकडा ऐकला की त्याला आपल्याजवळ काय आहे ते कळेल आणि विकण्याचं खूळ डोक्यातून जाईल. खेळातल्या जुन्या वस्तूंचा लिलाव करणारी पुण्याची एक संस्था सापडली. त्यांना काचेशिवाय फोटो हवेत. म्हणून आज पेटीसकट बॅट चादरीत गुंडाळून महाराज बाड्याजवळच्या फ्रेमवाल्याकडे पेटी उघडवून आणली.

फ्रेमवाल्याने सगळं वाचलं आणि म्हणाला, “बेचनी है तो नाम हटवा लो, बाबूजी. महीन रेगमाल मारेंगे, ऊपर की लाइन साफ. साइन को हाथ नहीं लगेगा.”

मी ताडकन म्हटलं, “वो मेरे बेटे का नाम है.”

“इसीलिए तो कह रहे हैं. दूसरे के बेटे का नाम कौन लटकाएगा?”

घरी येऊन संतापाने हे सांगितलं तर अभिराम विचारतो, “पूर्ण निघतं का?”

“काय?”

“नाव. की खुणा राहतात?”

त्याला गंमत वाटत होती. मला मुळीच वाटली नाही.

२५ नोव्हेंबर

पुण्याहून मधुवंती बर्वे नावाच्या बाईंचा फोन आला. किंमत ठरवणं हेच त्यांचं काम. बोलणं गोड, पण मुद्देसूद.

“काका, सही खरी आहे. अक्षरही गहलौतांचंच. बॅट तर इतकी कोरी आहे की अशी आमच्याकडे येत नाही. अडचण एकच आहे. नाव.”

“नाव हीच तर तिची किंमत, बाई.”

“तुमच्यासाठी. घेणाऱ्याला ती आपल्या घरात लावायची असते. पाहुणा विचारणार, अभिराम कोण? त्याने काय सांगायचं? नुसती सही असली की वस्तू कुणाचीही होऊ शकते. नाव आलं की ती दुसऱ्याची होते.”

मी विचारलं, फरक किती पडतो. त्या म्हणाल्या, बिननावाची असती तर चारचाकीचे पैसे आले असते, अशी आहे म्हणून स्कूटरचे येतील. मी रेगमालने, म्हणजे पॉलिश पेपरने, नाव घासण्याचा विषय काढला, नुसता काढला. त्या म्हणाल्या, खरवडलेलं दिव्याखाली लगेच दिसतं आणि तशी वस्तू त्या हातात घेत नाहीत.

“एक अपवाद असतो,” त्या म्हणाल्या. “ज्याच्यासाठी लिहिलं तो पुढे मोठा झाला तर सगळं उलटं होतं. मग नावामुळेच भाव चढतो. गहलौतांनी पोराला तेराव्या वर्षी ओळखलं, असं होतं ना ते. म्हणून विचारते, अभिराम कोण?”

“माझा मुलगा.”

“खेळतात?”

स्वयंपाकघरात सुनंदाचा पाण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, “रणजी खेळला आहे.”

“अरे वा! पूर्ण नाव सांगा ना.”

सांगितलं. अभिराम भालचंद्र पटवर्धन. दोनदा संभाव्यांत होताच, तेव्हा अगदीच खोटं नाही. संघ निवडणाऱ्यांनी न्याय केला असता तर खेळलाच असता.

१ डिसेंबर

आजचं लिहू नये असं वाटतं, तरी लिहितो.

सकाळी फूलबागेत चक्कर मारून आलो. फोन घरीच चार्जिंगला लावून गेलो होतो. बैठकीच्या दारात पाय ठेवला तर अभिराम माझ्या फोनवर बोलत होता.

“नाही हो मॅडम. ...नाही, एकही मॅच नाही. बारावा खेळाडू म्हणूनही नाही. ...नाही नाही, खोटं नाही बोलले ते. वय झालंय, घोळ झाला असेल. ...हो, तुम्ही तसंच लिहा. खेळाडू नाही म्हणून लिहा.”

फोन ठेवला आणि मला पाहिलं. “पुण्याच्या मॅडम होत्या. रेकॉर्डमध्ये माझं नाव सापडत नाही म्हणत होत्या.”

मी चपला काढायचंही विसरलो. म्हटलं, “अभि, मी आपलं...”

“चहा झाकून ठेवलाय आईने,” तो म्हणाला. गाडीची चावी घेतली आणि गेला.

रागावला असता तर बरं झालं असतं. दोन शब्द तो बोलला असता, दोन मी बोललो असतो.

५ डिसेंबर

घरात सगळं नेहमीसारखं आहे. अभिराम ‘बाबा, वरण घ्या’ म्हणतो. मी घेतो. बोलायचं ठरवून त्याच्या खोलीपर्यंत जातो आणि बल्ब ठीक आहे ना, असं काहीतरी विचारून परत येतो. वीज मंडळात असताना चाळीस गावांची गेलेली वीज मी एका फोनवर परत आणवत असे. इथे तार कुठे तुटली आहे तेच सापडत नाही.

७ डिसेंबर

गरिमा आली होती. मुलगी सरळ आहे. वडील पोलिसात, घरची मराठी ग्वाल्हेरच्या मराठ्यांची, अर्धी हिंदी. अभिराम नव्हता, मुद्दामच तो नसताना आली असावी.

“काका, रायपूरला एका शाळेत त्याला घेतायत. छोट्या मुलांचा खेळ बघायला. त्याने सांगितलं तुम्हाला?”

“खेळाचा मास्तर?”

“हां. तो खूश आहे. रविवारी टर्फवर तो कॉलनीच्या मुलांना खेळवतो ना, तुम्ही एकदा बघायला या. मुलं जान टाकतात त्याच्यावर. स्कोर नाही लिहू देत. जो आउट होतो ना, त्याला अजून एक बॉल मिळतो.”

मी म्हटलं, “आउट झाल्यावर बॉल मिळत नाही, बेटा. म्हणूनच तो आउट.”

 मग म्हणाली, “काका, माझे पप्पा पहिल्यांदा इथे आले होते, तेव्हा तुम्ही त्यांना बॅट दाखवली. आठवतं? मी तेव्हा अभिरामकडे बघत होते.”

“आणि?”

“काही नाही,” म्हणाली. सुनंदाने तिला डब्यात गाजराचा हलवा भरून दिला. दोघी दारात बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. मी जवळ गेल्यावर थांबल्या.

१२ डिसेंबर

अजब बातमी. मधुवंतीबाईंचा फोन. मी आधी माफी मागायला लागलो तर त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, “काका, गिऱ्हाईक मिळालंय. नाव असूनही नाही, नावामुळेच!”

इंदूरचे जगदेवराव म्हणून कुणी आहेत, हॉटेलांचा धंदा. त्यांचा नातू नऊ वर्षांचा आहे, क्रिकेट खेळतो आणि त्याचं नाव अभिराम. बिननावाच्या बॅटीला जे मिळालं असतं तेवढं द्यायला तयार आहेत. म्हणतात, वाक्य तर जणू आमच्याच पोरासाठी लिहिलंय.

अभिरामला सांगितलं. सगळं नाही, ‘इंदूरची पार्टी आहे, नावाची अडचण नाही’ एवढंच. तो म्हणाला, “देऊन टाका.” किती मिळणार ते विचारलंही नाही. माझीच युक्ती माझ्यावर उलटली. आता नाही कसं म्हणायचं? सुनंदाला म्हटलं, तूच त्याला थांबव. ती म्हणाली, “मी नाही थांबवणार.”

२० डिसेंबर

जगदेवराव नातवाला घेऊन आले. धुक्यामुळे दुपार झाली. उंचेपुरे, कानात भिकबाळी, हसरे. तिळगुळाच्या गजकाचे डबे घेऊन आले, ग्वाल्हेरच्या माणसाला गजक! पोरगं बारीक, डोळ्यांखाली काळं. बोटांना चिकटपट्ट्या. सोफ्यावर अगदी कडेला बसलं.

“पहाटे चारला उठतो आमचा,” जगदेवराव म्हणाले. “थंडी नाही, पाऊस नाही. शाळेत बोलून ठेवलंय, परीक्षेपुरता जातो. जे द्यायचं ते याच वयात देऊन टाकायचं. अभि, वाच बरं काय लिहिलंय.”

पोराने उभं राहून वाचलं. “अभिराम के लिए. अगली बार इंडिया की टोपी में मिलेंगे.”

“बघा! कोण म्हणेल दुसऱ्यासाठी लिहिलंय? याच्या पलंगासमोर लावणार. डोळे उघडले की आधी हेच दिसलं पाहिजे.”

आमचा अभिराम दारात उभा होता. तो आत येऊन पोरासमोर खाली बसला. “तुझं नाव अभिराम?”

पोराने मान हलवली. “तुमचं पण?”

“हो. ही माझ्यासाठी लिहिली होती. मी तुझ्यापेक्षा थोडा मोठा होतो तेव्हा.”

“मग तुम्ही भेटलात त्यांना? टोपी घालून?”

“नाही.”

“का?”

“नाही जमलं.”

पोरगं पुढे सरकलं. मग आजोबांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणालं, पण मी जवळच होतो, मला ऐकू आलं. “मग ते रागावले?”

“गहलौतसर? नाही रे. त्यांना आठवतही नसेल.”

“ते नाही,” पोरगं म्हणालं, आणि त्याने एकदा जगदेवरावांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

अभिरामने त्याच्या बोटाची सुटलेली चिकटपट्टी नीट दाबली. मग उठला आणि म्हणाला, “काका, माफ करा. बॅट द्यायची नाही.”

जगदेवरावांना आधी वाटलं भाव वाढवतोय. त्यांनी तो वाढवलाही. अभिराम म्हणाला, “पैशांचं नाही. याला नाही द्यायची. दुसऱ्या कुणाला मी फुकट देईन, याला नाही.”

“अरे, माझ्या नातवाने काय बिघडवलंय तुझं?”

“काहीच नाही. म्हणूनच.”

फार अवघड झालं. जगदेवराव चहा अर्धा टाकून उठले. जाताना पोराने अभिरामचा हात धरला होता, तो आजोबांनी सोडवला. मी फाटकापर्यंत माफी मागत गेलो.

पण खोटं कशाला लिहू, आतून मला आनंद झाला. शेवटी त्याचाही जीव अडकलाच. आपल्या नावाची वस्तू दुसऱ्या अभिरामच्या घरी जाताना त्याला बघवलं नाही. हे सुनंदाला म्हटलं तर ती कप उचलता उचलता थांबली.

“तुम्हाला खरंच असं वाटतं?”

“दुसरं काय असणार?”

“अहो, त्या पोराचा चेहरा बघितला का तुम्ही?”

“दमलेलं होतं. पहाटेचा प्रवास.”

ती कप घेऊन आत गेली. रात्री जेवली नाही.

२१ डिसेंबर

रविवार. काच पुसायला गेलो तर पेटी उघडी आणि बॅट नाही.

सुनंदा म्हणाली, “घेऊन गेलाय. टर्फवर.”

“कशाला?”

“मला विचारू नका. जा आणि बघा.”

मी स्वेटर उलटा घातला होता हे तिथे पोचल्यावर कळलं. टर्फच्या मागे सिमेंटची खेळपट्टी आहे, जाळीतली. पंधरा-वीस मुलं, दोन मुली. अभिराम बॅटिंग करत होता. त्याच बॅटीने, चामड्याच्या लाल चेंडूवर.

मला ओरडायचं होतं, ते राहिलंच. जाळी धरून उभा राहिलो. बॅट इतकी वर्षं तेलाशिवाय कोरडी पडलेली, प्रत्येक फटक्याला लाकडाची बारीक साल उडत होती. अक्षरांवर लाल डाग पडले होते. लांबून वाचता येत नव्हतं, पण ओळ कुठे आहे ते मला पाठ आहे. नाव अर्धं गेलं होतं. एक मुलगी धावत आली, चेंडू टाकला, अभिराम चुकला आणि मागचा स्टंप पडला. सगळी पोरं ओरडली. तो हसला. डोकं मागे टाकून, दात दिसतील असा. हे हसणं मी कधी पाहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही.

“आउट!” मी जाळीबाहेरून म्हणालो. काय बोलावं ते कळलं नाही म्हणून.

त्याने वळून पाहिलं. बॅट लपवायला हवी होती त्याने, किमान खाली तरी. त्याने तसं काही केलं नाही. ती दोनदा खेळपट्टीवर टेकवली. मग म्हणाला, “बाबा, आत येता? एक बॉल टाका.”

“मी?”

“अजून एक मिळतो इथे.”

एका पोराने जाळी वर धरली. मी वाकून आत गेलो. कुणीतरी चेंडू हातात दिला. मी अभिरामला आयुष्यात कधी बॉलिंग केली नव्हती. मी नेहमी जाळीबाहेर छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन उभा असे. पहिला बॉल दोन टप्पे खाऊन जाळीत गेला. पोरं हसली. अभिराम म्हणाला, “पुन्हा.”

समोर बॅट होती, तिच्यावर सही अजून शिल्लक होती. मी नेम धरला नव्हता, देवाशपथ. चेंडू आपला सरळ गेला आणि तिथेच लागला.

आवाज छान आला. भरदार, मोकळा. ती बॅट इतकी चांगली वाजते हे मला माहीतच नव्हतं.

“अजून एक,” अभिराम म्हणाला. मी टाकला. मग आणखी. हात दुखायला लागला तरी टाकत राहिलो. थांबलो तर काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं, आणि मला वाटतं, त्यालाही नव्हतं.

घरी आल्यावर सुनंदाने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “माहीत नाही.” ती माझ्या खांद्याला तेल लावायला बसली.